शकुंतलेचे इंजिन पुन्हा धडधडावे

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणी आहे. लोकनायक बापूजी अणे यांचे हे जन्मगाव; आज मात्र ते दगडी कोळशाचे गाव म्हणूनच अधिक ओळखले जाते. वेकोलिच्या खाणींतून निघालेला कोळसा माजरीमार्गे ब्रॉडगेजवरून वीज केंद्रांकडे जातो. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरकडे गेलेला अडीच फुटी रुळांचा मार्ग गवतात बुडून गेला आहे. एकीकडे कोळसा आहे आणि इंजिन नाही, दुसरीकडे मार्ग आहे आणि गाडी नाही. अवघा जिल्हा ज्या गाडीला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत आला, तिची आजची अवस्था ही अशी आहे.

शकुंतलेचा इतिहास वऱ्हाडच्या कापसाशी बांधलेला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने यवतमाळ–मूर्तिजापूर, मूर्तिजापूर–अचलपूर आणि पुलगाव–आर्वी असे अरुंद मार्ग उभारले. त्यांतील यवतमाळ ते अचलपूर ही लांबी सुमारे १९० किलोमीटर भरते. हेतू उघड होता. काळ्या मातीतला कापूस मुख्य मार्गापर्यंत, तेथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोहोचवायचा. योगायोग असा की, या मार्गावर धावलेले वाफेचे इंजिनही मँचेस्टरमध्येच १९२१ साली तयार झाले. १९२३ मध्ये ते येथे सेवेत आले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाला जागा देऊन निवृत्त झाले. सात दशके एका यंत्राने वऱ्हाडचे ऊन, धूळ आणि खारट पाणी सोसले. देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या मार्गाची मालकी मात्र खासगी कंपनीकडेच राहिली. सरकारने गाडी चालवायची आणि मार्गाचा मोबदला कंपनीला द्यायचा, हा विचित्र व्यवहार स्वतंत्र भारतात अनेक दशके चालला, ही गोष्ट स्वाभिमानी मनाला खुपावी अशीच आहे.

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे पुढे येतो. ज्या इंजिनाने आपला कापूस परक्यांच्या गिरण्यांत ओढून नेला, ते जपायचे कशासाठी? गुलामीच्या खुणा कुरवाळण्याचा हा प्रकार नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच इतिहास पाहतो. भांडवल परक्यांचे होते. घाम मात्र आपला होता. रूळ अंथरणारे, भर उन्हात गँगमध्ये राबणारे, भट्टीपाशी उभे राहून कोळसा टाकणारे आणि पहाटे इंजिन तापवणारे हात येथलेच होते. शेवटच्या काळात तर गाडीबरोबरची मोजकी माणसेच तिकिटे देत, फाटके लावत-उघडत आणि इंजिन जोडत-सोडत. अशा माणसांच्या बळावर जी गाडी तगली, तिला केवळ साहेबाची गाडी म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय होईल.

शिवाय नॅरोगेज हीदेखील केवळ साहेबाची देणगी नव्हे. भारतातील पहिली नॅरोगेज १८६२ साली डभोई ते मियागाम अशी सुरू झाली, ती बडोद्याच्या मराठी संस्थानात, खंडेराव गायकवाड यांच्या राज्यात. आरंभी तिचे डबे चक्क बैल ओढत. वाफेचे इंजिन तेथे नियमितपणे चालू लागले ते १८७३ मध्ये. १९०७ साली सुरू झालेली नेरळ–माथेरान गाडी तर आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून उभी राहिली. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू केली हे खरे. पण पंढरपूरच्या वारकऱ्यांनी तिला आपलेसे करून टाकले. मिरज–लातूर मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले आणि बार्शी लाइटचा अरुंद रूळ इतिहासजमा झाला. रुंदीकरण आवश्यकच होते. पण त्याबरोबर वाफेच्या इंजिनाचा चार मैलांचा तुकडासुद्धा धावता ठेवण्याची बुद्धी कोणाला झाली नाही, ही खंत उरते.

इंजिन जपणे म्हणजे ते रंगवून चौथऱ्यावर उभे करणे, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ झाली आहे. नागपुरात मोतीबाग येथे २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले, ते उत्तमच झाले. मुलांना तेथे इंजिन पाहता येते, चाकाला हात लावता येतो. पण थंड इंजिन हा देह असतो, प्राण नव्हे. वाफेचे इंजिन थंड अवस्थेत समजतच नाही. त्याचा सारा जीव बाष्पकात, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत बंबात असतो. पाणी भरायचे, भट्टी पेटवायची आणि तासन्‌तास हळूहळू उष्णता वाढवायची. घाई केली तर धातू असमान तापतो आणि नळ्यांचे सांधे गळू लागतात. पाणी कठीण असले तर आत क्षारांची खपली धरते आणि कोळशाची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचेनाशी होते. म्हणून ठरावीक दिवसांनी बंब आतून धुवावा लागतो. भट्टीच्या माथ्यावरची पाण्याची पातळी उतरली, तर स्फोटाचाच धोका. म्हणूनच तेथे शिशासारख्या, लवकर वितळणाऱ्या धातूची खुंटी बसवलेली असते. पाणी कमी होताच ती वितळते आणि वाफ भट्टीत शिरून फायरमनला सावध करते. पुनरुज्जीवित इंजिनाला तर बाष्पकाची दाबचाचणी दिल्याशिवाय रुळावर उतरवताच येत नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा राखेने भरलेला; तो नीट जाळायचा तर फावड्याची फेक कोठे हलकी आणि कोठे भारी हवी, हे हाताला ठाऊक असावे लागते. हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ते खांद्यात आणि मनगटात असते.

आणि ते आता मावळत चालले आहे. देशाच्या ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात थांबली. शकुंतलेचे इंजिन त्याआधीच विझले होते. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज साठीकडे झुकला आहे, आणि त्याचा उस्ताद असलेला ड्रायव्हर बहुधा हयातही नसेल. दहा वर्षांनी इंजिन दुरुस्त करायचे ठरवले, तर पैसा मिळेल, पोलादही मिळेल. पण इंजिन कसे ‘बोलते’ हे सांगणारा माणूस मिळणार नाही.

ही इच्छा हवेतली नाही. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा धावू लागले. दार्जिलिंगच्या लहान रेल्वेला १९९९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो तिची जुनी बी वर्गाची इंजिने चालू होती म्हणूनही. निलगिरीच्या दातेरी मार्गासाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने तर एकविसाव्या शतकात वाफेची नवी इंजिने घडवली. म्हणजे भारतीय हातांची करामत अजून संपलेली नाही. परदेशात पाहायचे तर वेल्समधील टॅलिलिन ही अरुंद रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवली आहे. निवृत्त शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी अंगावर काजळी घेऊन राबतात. संघटित स्वयंसेवी कामाची परंपरा ज्या महाराष्ट्रात खोल रुजली आहे, तेथे हे अशक्य का मानावे?

अलीकडे एक नवी रीत आली आहे. अहमदाबाद–एकता नगर मार्गावर ३१ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या वारसा गाडीचे इंजिन बाहेरून वाफेचे दिसते. आत मात्र वीज आहे. प्रवाशांची हौस भागते, धूरही होत नाही. पर्यटनाला ते साजेसे असेल. पण वारशाच्या नावाखाली तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे नाटकातल्या तलवारीला शस्त्रागारात जागा देण्यासारखे आहे.

शकुंतलेच्या बाबतीत आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. ब्रॉडगेज व्हायलाच हवी. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगावच्या शेतकऱ्याला आणि शिकणाऱ्या पोराला आज वेगवान गाडी हवी आहे, जुन्या इंजिनाची शिट्टी नव्हे. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६ मध्ये या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुमारे १५०० कोटींची घोषणा झाली होती. दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा वर्धा–कळंब टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. वणीकराला मात्र आपल्याच जिल्ह्याच्या गावी रेल्वेने जाता येत नाही. त्याला एसटीच पकडावी लागते. अशा जिल्ह्यात जुन्या इंजिनासाठी विकास अडवा असे कोणी म्हणेल, तर लोक त्याला वेड्यात काढतील, आणि ते योग्यच होईल.

मागणी अगदी लहान आहे. रुंदीकरणाचा आराखडा आखतानाच आठ-दहा किलोमीटरचा अरुंद तुकडा वेगळा ठेवावा. अचलपूरच्या बाजूला ठेवला तर चिखलदऱ्याला जाणारा प्रवासी येईल. कारंजाजवळ ठेवला तर श्रीनृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी येणारा भाविक. जुने रूळ, सांधे, सिग्नल भंगारात विकण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी. यवतमाळ, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना निवृत्त चालकांच्या हाताखाली बंबाचे काम शिकायला पाठवावे. शकुंतलेवर धावलेल्या जातीचे एखादे इंजिन दाबचाचणीला पात्र ठरेल का, हे रेल्वेच्या कारखान्यातील जाणकारांनी तपासावे. नसल्यास नवा बाष्पक बसवण्याचा खर्च काढावा. यांतील पहिली तीन कामे उद्यापासून सुरू करता येतील. त्यांना कोट्यवधींची तरतूद लागत नाही. भट्टीसाठी कोळसा दूरून आणावा लागणार नाही. तो वणीत आहे.