यादीत दुसऱ्यांचीही नावं असतात

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" हे वाक्य आमच्या वयाच्या माणसांच्या तोंडी फार असतं. मोबाईलवर एखादं अ‍ॅप घ्यायचं असतं, ते चार-पाच परवानग्या मागतं, आपण चष्मा न लावताच 'अलाऊ'वर बोट ठेवतो. कुणी हटकलंच तर हे वाक्य तयार असतं. पेन्शन किती ते गल्लीला माहीत, शुगर किती ते जिन्यात भेटेल त्याला माहीत, आणि मुलं कुठे असतात ते तर आपण कुणी न विचारताच सांगतो. मग लपवायचं राहिलं काय?

मला या वाक्यात एक खोट दिसते. ते 'माझ्याकडे' या शब्दाने सुरू होतं, पण त्या बोटाने जे दिलं जातं ते बरेचदा माझं नसतंच. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधीच सांगते, मी संगणकातली जाणकार नाही. मराठीतून बी. ए. केलं, तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या पोरांनी हाताला धरून कॉम्प्युटर शिकवला. पण यादी, रजिस्टर, दाखला, हजेरीपट या गोष्टींत माझा जन्म गेला. इंटरनेटचा हा सगळा पसारा शेवटी याद्यांचाच आहे, असं माझं मत झालं आहे. फक्त कुणाच्या कपाटात कोणती यादी आहे, हे आता दिसत नाही.

सर्वांत साधी यादी आपल्या फोनमध्ये असते. माझ्या फोनमध्ये ४१२ नावं आहेत. परवा मुद्दाम मोजली. त्यात दूधवाला आहे, जुने विद्यार्थी आहेत, सुनेच्या माहेरची माणसं आहेत. शिवाय आपण नुसतं नाव कुठे लिहितो? 'काकू – मुलगा अमेरिका', 'हार्टवाले डॉक्टर', 'बँकेतला मुलगा', 'वरचे भाडेकरू' असं लिहून ठेवतो, म्हणजे पटकन सापडतं. एखाद्या अ‍ॅपने 'तुमचे कॉन्टॅक्ट्स बघू का?' असं विचारलं आणि मी 'हो' म्हटलं, की ही ४१२ माणसं आपापल्या शेऱ्यांसकट पलीकडे जाऊ शकतात. त्यांतल्या एकालाही मी विचारलेलं नसतं. काकूंना तर बिचाऱ्यांना माहीतही नसतं, की मी त्यांच्यापुढे 'मुलगा अमेरिका' लिहून ठेवलं आहे.

हे उगाच भीती घालणं नाही. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचं प्रकरण गाजलं, ते आठवत असेल. फेसबुकवर स्वभाव ओळखण्याच्या प्रश्नावलीचं एक अ‍ॅप होतं. जगभरात सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी ते घेतलं. माहिती मात्र ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची गेली असावी, असं फेसबुकनेच जाहीर केलं. कारण ते अ‍ॅप घेणाऱ्याच्या मित्रयादीतल्या माणसांचीही माहिती उचलत होतं, आणि त्या काळी फेसबुकचे नियम तशी मुभा देत होते. भारताचा आकडा तर वर्गात फळ्यावर लिहून दाखवावा असा आहे. आपल्याकडे ते अ‍ॅप घेतलेली माणसं होती ३३५. ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती, अशी माणसं ५ लाख ६२ हजार! या साडेपाच लाखांवर लोकांनी काहीही केलेलं नव्हतं. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी, इथल्या किंवा परदेशातल्या, गंमत म्हणून चार प्रश्नांची उत्तरं दिली होती, एवढंच. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड केला. पण गेलेली माहिती काही दंडाने परत येत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. दिवाळीत घरी आला होता. त्याच्याशी या विषयावर चांगलीच जुंपली. तो म्हणाला, "बाई, तुमच्या काळी टेलिफोन डिरेक्टरी असायची ना? अख्ख्या शहराची नावं, पत्ते, नंबर छापून घरोघरी वाटायचे. तेव्हा कुणी प्रायव्हसीच्या नावाने ओरडलं नाही!"

प्रश्न बिनतोड वाटतो खरा, आणि मला तो आवडलाही. पण मी त्याला म्हटलं, "अरे, त्या डिरेक्टरीत आडनावावरून नंबर सापडायचा, नंबरावरून माणूस सापडायचा का? त्यासाठी हजार पानं चाळावी लागली असती. त्यात माझी जन्मतारीख होती का? मी कोणती औषधं घेते ते होतं का? आणि मुख्य म्हणजे, डिरेक्टरी शेजारच्या दुसऱ्या यादीशी आपोआप जोडली जात होती का?"

जोडणी हाच या सगळ्यातला कळीचा शब्द आहे. एकेक यादी निरुपद्रवी असते, दोन याद्या शेजारी ठेवल्या की माणूस उघडा पडतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाची माहिती संशोधनासाठी देण्यात आली. नावं, पत्ते काढून टाकलेले होते, त्यामुळे सगळे निर्धास्त होते. लॅटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने २० डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. त्यातून खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची वैद्यकीय माहिती तिने शोधून काढली. तिला लागले फक्त तीन रकाने: जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि पिनकोड. पुढे २००० साली तिने हिशेब मांडला, की अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एवढ्या तीन गोष्टींवरून एकमेव म्हणून ओळखता येण्याची शक्यता आहे.

तीन रकाने! आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या यादीत आठ आहेत.

नाव, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख, रक्तगट, जोडीदार हयात आहे की नाही, एकटे राहता की मुलांसोबत, आणि अडीअडचणीला कळवायचं त्या नातेवाइकाचं नाव व नंबर. हेतू अगदी चांगला. कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हे सगळं लागतं, आणि लागलेलंही आहे. पण दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मनात आलं, की सगळ्यांना एकमेकांचे वाढदिवस कळावेत. म्हणून ती अख्खी यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली गेली. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं. त्यातल्या किती जणांच्या फोनवर ती आज आहे, कुणी ती पुढे कुठे पाठवली, कुणाचा फोन दुरुस्तीला गेला, कुणाचा नातवाला खेळायला दिला, याचा हिशेब कोण देणार?

आमच्या संघातल्या एका बाईंना गेल्या वर्षी फोन आला. पोलीस बोलतोय म्हणाला. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, मुलाला कळवलंत तर त्यालाही अटक होईल. दोन दिवस त्या घरात एकट्या त्या फोनसमोर बसून होत्या. ठेव मोडली, पैसे गेले. महिनाभर कुणाला बोलल्या नाहीत. पोस्टातल्या बचतीचा पैन् पैचा हिशेब स्वतः ठेवणाऱ्या बाई त्या, भोळ्याभाबड्या अजिबात नव्हेत. मी विचारलं, "तुमचा विश्वास बसला कसा?" त्या म्हणाल्या, "अहो, त्याला माझं सगळं ठाऊक होतं. मुलाचं नाव, तो कुठल्या गावी असतो, हे गेले ते... एवढं ज्याला ठाऊक, तो खोटा कसा असेल?"

हे उत्तर ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. चोराकडे धाक होताच, पण त्या धाकाला वजन आलं ते माहितीमुळे. ती आमच्याच यादीतून गेली असं मी म्हणत नाही. कुठून गेली ते आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पण त्या बाईंनी ती दिली नव्हती, एवढं नक्की.

(जाता जाता: 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. असा फोन आला तर ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.)

शाळेत आमच्याकडे जनरल रजिस्टर असायचं. मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडण्याचं कारण, वर्तणूक. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलुपात असे. फी-सवलतीची आणि शिष्यवृत्तीची यादी मात्र पूर्वी वर्गात मोठ्याने वाचली जायची. नाव आलं की मूल उभं राहायचं, सही करायचं, खाली बसायचं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? चोरी थोडीच केली होती? पण त्या मुलांच्या माना खाली जायच्या, आणि मधल्या सुट्टीत इतर मुलं त्यावरून चिडवायची. पुढे एक मुख्याध्यापक आले, त्यांनी ही पद्धत बंद केली. मुलांना एकेक करून ऑफिसात बोलावून सही घ्यायची, असा शिरस्ता पाडला. कुणी तक्रार केली नव्हती, कुठला जी.आर. आला नव्हता. यादी आपल्या हातात असली तरी त्यातली नावं आपली नव्हेत, एवढी साधी समज त्या माणसाला होती.

आता कायदाही आला आहे. त्याची सुरुवात एका म्हाताऱ्या माणसाने केली, याचा मला फार आनंद वाटतो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, 'आधार'च्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुट्टस्वामी २०२४ मध्ये ९८ व्या वर्षी गेले. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेने केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि बऱ्याचशा महत्त्वाच्या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कशासाठी हवी ते कंपनीने सांगावं, आणि आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, ते वाचायची सोय द्यावी, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे, की एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. तसं असणंही रास्तच आहे; सुनेचा नंबर बहिणीला दिला म्हणून कुणी नोटीस पाठवू नये! पण याचा अर्थ असा, की माझ्या फोनमधल्या त्या ४१२ माणसांशी मी कशी वागते, ते कायदा नव्हे, मीच ठरवायचं आहे.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करते. दुकानदार बिल करताना माझा नंबर मागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलं, की त्यासाठी अडवून धरू नका. तरी द्यायचा की नाही, तो सौदा माझा. मला सवलत हवी असेल तर देईन. पण दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याची जन्मतारीख, दुसऱ्याच्या नातवाचा गणवेशातला फोटो, हे माझं नाहीच, तर त्यावर 'हो' म्हणणारी मी कोण? 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य तिथे लागूच पडत नाही.

आणि करायचं ते काही अवघड नाही. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले की 'नको' म्हणून बघावं. पुष्कळ अ‍ॅपं त्याशिवाय बिनबोभाट चालतात. पूर्वी दिलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढता येते. नव्या आयफोनवर तर २०२४ पासून सगळी यादी न देता निवडक नावंच देता येतात. फोनमधल्या नावांपुढचे आजाराचे नि अमेरिकेचे शेरे पुसून टाकावेत. माझे पुसायला एक दुपार लागली.

संघाच्या पुढच्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे. पूर्ण यादी कागदावर, एकच प्रत, चिटणिसांच्या कपाटात. ग्रुपवर फक्त वाढदिवसाचा दिवस आणि महिना. साल नको, पत्ता नको, एकटं राहण्याचा रकाना तर मुळीच नको. जुनी यादी प्रत्येकाने आपल्या फोनवरून काढून टाकावी. काही जण हसतील, "बाई अजून मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून उतरल्या नाहीत" असंही म्हणतील. म्हणू देत. त्या दुसऱ्या बाईंना मी अनुमोदन द्यायला सांगितलं आहे, आणि त्या हो म्हणाल्या आहेत.