सभासदत्वाची किंमत : गोवर्धनचे विणकर आणि सोलापूरची अग्निसूचक यंत्रे

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक दानलेख आहे. भिक्षुसंघासाठी दिलेले ३,००० कार्षापण त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले : एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नव्हते, व्याज मात्र अखंड द्यायचे होते. हा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकवला गेला आणि दप्तरी नोंदवला गेला.

अक्षय ठेव एकट्या विणकराकडे ठेवता येत नाही. माणूस मरतो, श्रेणी उरते. श्रेणीचा सभासद असणे म्हणजे तिच्या देण्यातही वाटेकरी असणे, असा या लेखाचा अर्थ निघतो. सभासदत्व हा मान होता, पण तो जबाबदारीसकट येत असे.

आता सोलापूर. १८७४ साली स्थापन झालेल्या जुन्या गिरणीपासून आजच्या चादर-टॉवेलपर्यंत हे शहर सुतावर जगले. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आवारातच राहणाऱ्या आठ जणांचा बळी गेला. त्यात मालकाचे कुटुंब होते, कामगारही होते. दोष कोणाचा, हे चौकशीचे काम. इतिहासाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : आगीपासून रक्षण करणारी यंत्रे विकणाऱ्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

टॉवेलची प्रत हाताला कळते. अग्निसूचक यंत्राची प्रत मात्र आग लागेल त्या रात्रीच कळते. त्यातून यंत्रमागाच्या शेडमध्ये तूस उडते, ती धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये साचते, भोंगा विनाकारण वाजू लागतो; मग कोणीतरी वैतागून संपूर्ण यंत्रणाच बंद करून ठेवतो. नियमित सफाई करणारा प्रामाणिक तंत्रज्ञ आणि नुसती सही करून जाणारा, या दोघांतला फरक ग्राहकाला दिसत नाही. म्हणूनच या धंद्यात व्यावसायिक संघटनेला मोल आहे.

या क्षेत्रातील संघटना परोपकारातून जन्मल्या नाहीत, हे लक्षात ठेवणे बरे. १८६८ मध्ये लंडनला ‘फायर ऑफिसेस कमिटी’ स्थापन केली ती विमा कंपन्यांनी. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात पाण्याच्या फवारा-नळांची तब्बल नऊ वेगवेगळी मापे रूढ होती. त्या गोंधळातून १८९६ मध्ये ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ उभी राहिली, तीही मुख्यतः विमेकऱ्यांच्या पुढाकाराने. कारण सरळ होते. यंत्र फसले तर भरपाई त्यांच्याच खिशातून जाणार होती. स्वार्थाने घडवलेली ही शिस्त सदिच्छेपेक्षा टिकाऊ ठरली.

भारतात विम्याच्या दरांवर टॅरिफ अ‍ॅडव्हायजरी कमिटीचे नियंत्रण होते. तिच्या नियमांनुसार यंत्रणा बसवली की हप्त्यात सवलत मिळे. १ जानेवारी २००७ पासून अग्निविम्याचे दर खुले झाले आणि तो समान धाक ओसरला. महाराष्ट्राने ‘आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ केला. तो डिसेंबर २००८ मध्ये अंमलात आला. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करण्याची जबाबदारी या कायद्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. परवाना देतात राज्याच्या अग्निशमन सेवेचे संचालक. संघटनेच्या सभासदत्वाची अट कायद्यात कुठेही नाही.

परवाना आणि सभासदत्व यांची गल्लत होते ती इथेच. २००२ पासून कार्यरत असलेल्या ‘फायर अँड सिक्युरिटी असोसिएशन ऑफ इंडिया’सारख्या संस्था प्रशिक्षण देतात, चर्चासत्रे भरवतात, मानकांविषयी जागृती करतात. हे काम आवश्यक आहे, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु लेटरहेडवरचे बोधचिन्ह पाहून कारखानदार परवाना विचारायचेच विसरत असेल, तर ते चिन्ह मदतीऐवजी अपायच करते. उलट, परवाना आहे म्हणून सारे झाले, असेही नाही. पात्रता तपासणे हे शासनाचे काम. रोजच्या कामाची इभ्रत मात्र बरोबरीचे व्यावसायिकच राखू शकतात. तांब्याच्या तारेत केलेली काटकसर शेजारच्या तंत्रज्ञाच्या नजरेला जशी दिसते, तशी कार्यालयातल्या फायलीला दिसत नाही.

तेव्हा वर्गणीच्या पावतीपलीकडे सभासदत्वाला अर्थ हवा असेल, तर संघटनांनी दोन गोष्टी कराव्यात. सभासदाने प्रमाणित केलेल्या यंत्रणेची अचानक फेरतपासणी दुसऱ्या सभासदाकडून करवावी. आणि ज्यांना काढून टाकले त्यांची यादी, नव्या सभासदांच्या यादीइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध करावी. सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी जुलैच्या प्रमाणपत्रासाठी एजन्सी निवडताना आधी परवान्याचा क्रमांक आणि मुदत पाहावी. मग विचारावे की तुमच्या संघटनेने आजवर कोणाला, कशासाठी काढले आहे.