शेकडा साडेतीनचा सावकार खिशात



काल सोयाबीनला दुसरी फवारणी चालू होती. पावसानं गाठलं म्हणून पंप उतरवून आखाड्यावर बसलो. भावकीतला एक पुतण्या मोबाईल घेऊन आला. म्हणला, "काका, कार्डाचं चाळीस हजाराचं बिल होतं. बँकेनंच लिवलं होतं, किमान दोन हजार भरा. मी तारखेच्या आत भरले. मंग हे व्याज कामून लावलं?"

पोरगा शिकलेला हाय, अडाणी नाही. म्हणूनच लिहितोय.

त्यानं २० जूनला खत अन् बियाणं घेतलं. ५ जुलैला बिल निघालं, २५ जुलै शेवटची तारीख. दोन हजार भरले, राहिले ३८,०००. त्याला वाटलं व्याज लागलंच तर २५ जुलैनंतर लागंल. तसं नसतं. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते अन् व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात. त्याच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. २० जून ते ५ ऑगस्ट, ४६ दिवस. ३८,००० वर व्याज २,०११ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३६२ रुपये. एकूण २,३७३. भरले दोन हजार, चढले त्याच्यापेक्षा जास्त!

पुढं दर महिन्याला व्याज अन् कर मिळून साधारण १,५५० रुपये. दोन हजार भरले तर मुद्दलातून जेमतेम साडेचारशे कमी. वरून नवीन खरेदी केली तर तिला मुदतच नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. "किमान रक्कम" भरल्यानं उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. हे बिलावर लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात अन् बहुतेक वेळा इंग्रजीत.

आता आपल्या भाषेत हिशोब करा. गावात कोणी शेकडा तीननं पैसे दिले तर आपण त्याला रक्तपिता म्हणतो. हे कार्ड शेकडा साडेतीन, जीएसटी धरून चारच्या वर. सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला १२ टक्क्यांची मर्यादा हाय. बँकेच्या कार्डाला ती लागू नाही. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

अन् किसान क्रेडिट कार्ड? तीन लाखापर्यंत वर्षाला ७ टक्के, म्हणजे शेकडा साठ पैशाच्या आत. वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट, अन् पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उरलेलं व्याज भरतं. तेच ४६ दिवस, पूर्ण चाळीस हजारावर ७ टक्क्यांनी ३५३ रुपये होतात. शिवाय अल्पभूधारकाच्या पीक कर्जावर व्याज मुद्दलापेक्षा जास्त लावायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम हाय. आपल्या आजोबांचं दामदुपट ते हेच. पण तेच खत कार्डावर घेतलं की ते "वैयक्तिक" कर्ज झालं. ना दामदुपट, ना व्याज सवलत, ना कर्जमाफी.

काहीजण म्हणतील, कार्ड वाईट नाही, शिस्त पाहिजे. अर्धं खरं हाय. पूर्ण बिल भरणाऱ्याला महिना-दीड महिना फुकट पैसा मिळतो. पण ज्याचा पगार एक तारखेला येतो त्याला हे जमतं. आपला पगार सोयाबीन निघाल्यावर, हळद वसमतला गेल्यावर. बिल दर महिन्याला अन् पैसा वर्षातून दोनदा. हे शिस्तीचं नाही, मापाचं चुकलेलं हाय.

अन् पोरं कार्डाकडं वळतात कामून? मृग निघून जातो तरी पीक कर्जाची फाईल टेबलावरच असते. कार्ड मात्र दोन दिवसात घरपोच. पेरणी फाईलसाठी थांबत नाही. साहेब लोकांनी शेतकऱ्याला आर्थिक साक्षरता शिकवायच्या आधी पीक कर्ज मे महिन्यात द्यावं. अन् बिलावर दोनच ओळी मराठीत, ठळक छापाव्यात: किमान रक्कम भरली तर कर्ज फिटायला किती वर्षं, अन् एकूण किती रुपये.

पुतण्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. अडकला असाल तर त्या कार्डावर नवीन खरेदी आजच बंद करा. व्याज रोज चढतं, म्हणून तारखेची वाट पाहू नका. हातात हजार आले की हजार भरा. सोयाबीनची पहिली पट्टी आली की आधी हे फेडा. अन् पीक कर्जाचं नवं-जुनं मुदतीच्या आत करा, ती सूट हातची घालवू नका.

पाऊस उघडला. पंप भरायचाय. राम राम.