शुद्धलेखनवाल्यांनो, न्गुगी वाचा!

पुण्याच्या परिसंवादात आफ्रिकी साहित्य चहाबरोबरच्या बिस्किटासारखं चघळतात. आम्हाला शिरूर-दौंडला ते भाकरीसारखं पायजे. केनियाच्या न्गुगी वा थिओंगोच्या इंग्रजी कादंबऱ्यांना सरकारनं तोवर हात लावला नव्हता. १९७७ला कामिरिथू गावात शेतकरी-कामगारांना घेऊन त्यानं गिकुयूत, मायबोलीत नाटक उभं केलं, अन् गडी खटल्याविना वर्षभर तुरुंगात! तिथं त्यानं टॉयलेट-पेपरवर गिकुयू कादंबरी लिहिली. आमचे आंबेडकरी जलसे वस्तीवस्तीत दुसरं काय करत होते? अन् आमची बोली लाल शाईनं खोडणारे मास्तर न्गुगीवर व्याख्यानं झोडणार? भीमाकाठच्या दोस्तांनो, ग्रंथालयात जा. मागणी लिवा : न्गुगी पायजे, मराठीत पायजे. नसंल तर भाषांतर आपण करू. लाल शाईला न विचारता.