‘हायली’ म्हणजे किती?



कीडनाशकाच्या माहितीपत्रकावरचे किंवा दुकानातल्या तक्त्यावरचे इंग्रजी आपल्यासाठी नाही असे समजून आपण ते सोडून देतो. घरातले आठवी-नववीतले मूल ‘टॉक्सिक म्हणजे विषारी’ एवढे सांगून मोकळे होते. पण त्या ‘टॉक्सिक’च्या आधी आणखी एक शब्द असतो. खरी मेख तिथेच आहे.

तो शब्द बहुधा ‘हायली’ असतो. आपण ‘फार’, ‘लई’, ‘अतिशय’ म्हणतो, तसाच हा प्रमाण सांगणारा शब्द. ‘हाय’ म्हणजे उंच, त्यापासून तो आला. पण उंचीशी त्याचे नाते उरलेले नाही. पतंग उंच उडाला हे सांगताना इंग्रजीत ‘हाय’च म्हणतात, ‘हायली’ नाही. ‘व्हेरी हॉट’, ‘व्हेरी बिग’ असे म्हणतात, पण ‘हायली हॉट’ कोणी म्हणत नाही. ‘हायली’ ठरावीक शब्दांच्या आधीच शोभतो. मुलांनी एवढे ध्यानात ठेवले तर परीक्षेतही गुण जाणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हा शब्द स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तराजूतल्या वजनासारखा आहे. दुसऱ्या पारड्यात गूळ असो की मीठ, त्याला फरक पडत नाही. गव्हाच्या बियाण्याच्या पत्रकात ‘धिस व्हरायटी इज हायली रेझिस्टन्ट टू रस्ट’ असे असेल, तर ते वाण तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही. ‘रेझिस्टन्ट’च्या जागी ‘ससेप्टिबल’ असेल, तर तेच वाण तांबेऱ्याला सर्वांत आधी बळी पडणार! नुसता ‘हायली’ पाहून पिशवी घेतली तर पीक जायचे. पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते. इंग्रजीत ‘इन’ पुष्कळदा नकार दाखवतो, म्हणून ‘पेट न घेणारे’ असा अर्थ कोणी करील. अर्थ नेमका उलटा आहे: झटकन पेट घेणारे. तिथे विडी पेटवू नये.

बोलताना आपण ‘लई तिखट’ म्हणतो, तेव्हा ते ज्याच्या त्याच्या जिभेवर असते. विषाच्या बाबतीत तसे नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१ चे नियम यांनी अशा चार शब्दांना मोजून माप दिले आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात गेल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात, यावरून हे माप ठरते. आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

‘एक्स्ट्रीमली टॉक्सिक’, म्हणजे अति जहाल: १ ते ५० मिलिग्रॅम. डब्यावरचा त्रिकोण लाल, वर कवटी आणि हाडे.
‘हायली टॉक्सिक’, म्हणजे जहाल: ५१ ते ५००. त्रिकोण पिवळा.
‘मॉडरेटली टॉक्सिक’, म्हणजे मध्यम विषारी: ५०१ ते ५०००. त्रिकोण निळा.
‘स्लाइटली टॉक्सिक’, म्हणजे थोडे विषारी: ५००० च्या वर. त्रिकोण हिरवा.

म्हणजे ‘हायली’ हा सर्वांत वरचा शब्द नव्हे, दुसरा आहे. मराठीत दोन्हींना ‘अतिशय’ म्हटले की लाल आणि पिवळ्यातला फरक पुसला जातो.

‘हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी ना?’ असे गावोगाव विचारले जाते. नाही. ‘स्लाइटली’ म्हणजे ‘थोडे’, ‘मुळीच नाही’ असे नव्हे. शिवाय हे आकडे पोटात गेलेल्या विषाचे आहेत. भर उन्हात दिवसभर फवारताना श्वासातून किती आत गेले याचा हिशेब या शब्दांत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो. पण ते किडीचे विष आहे, आणि माणसाचेही.

म्हणून एवढे करावे. डबा घेण्याआधी त्रिकोणाचा रंग पाहावा आणि दुकानदाराकडून माहितीपत्रक मागून घ्यावे. मुलांकडून वाचून घ्यायचे ते पत्रक. डबा त्यांच्या हाती देऊ नये. रंग कोणताही असो, फवारताना अंगभर कपडे, हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. वाऱ्याच्या उलट फवारू नये. रिकामा डबा घरातल्या भगिनींनी तेला-पाण्यासाठी कधीही वापरू नये. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फवारणी थांबवावी, कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि लगेच दवाखाना गाठावा. जाताना माहितीपत्रक बरोबर न्यावे. कोणते विष ते कळले की डॉक्टरांना उपाय करणे सोपे जाते.

हे चार शब्द आणि त्यांचे चार रंग घरातल्या शाळकरी मुलाकडून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि जिथे फवारणीचा पंप ठेवता, तिथल्या भिंतीवर चिकटवा. मुलाचा इंग्रजीचा अभ्यास होईल, आणि फवारायला निघालेल्या माणसाची नजर जाता जाता त्यावर पडेल.