रंगाचा आंकडा आणि रंगाची शाई

संगणकाच्या पडद्यावर दिसणारें रंगीत चित्र छापखान्याकडे धाडलें म्हणजे तें जसेंच्या तसें कागदावर उतरेल, ही समजूत विद्यार्थ्यांत, आणि खरें सांगावयाचें तर शिक्षकांतही, सर्रास आढळते. शालेय वार्षिकांतील चित्रांची दैना माझ्या मतें मुख्यतः या समजुतीमुळें होते. यंत्राचा दोष त्यांत थोडा.

पान कसें दिसावें हें मुद्रणयंत्रास सांगणाऱ्या भाषांत पोस्टस्क्रिप्ट ही प्रमुख. जॉन वॉर्नक व चार्ल्स गेश्की यांनीं १९८२ सालीं स्थापिलेल्या ॲडोबी कंपनींत ती तयार झाली व १९८५ सालीं ॲपलच्या लेझररायटर यंत्राबरोबर ती पसरली. आज मजकूर बहुधा पीडीएफ रूपानें जातो. तीही हिचीच वंशज. अक्षरें व आकृति वर्णन करण्यांत ही भाषा प्रथमपासून निष्णात. पण छायाचित्रासारखें ठिपक्याठिपक्यांचें चित्र सांगणारी तिची मूळची आज्ञा केवळ काळ्यापांढऱ्या छटांपुरती होती. रंगीत चित्राची ‘कलरइमेज’ ही आज्ञा मागाहून जोडली गेली. ती चित्राची रुंदी व उंची विचारते, आणि दर ठिपक्यास रंगाचे आंकडे किती तेंही विचारते: एक, तीन कीं चार?

तीन कीं चार, यांतच सारें मर्म आहे. तीन म्हणजे तांबडा, हिरवा व निळा हे प्रकाशाचे रंग. ते मिसळत गेले कीं पांढरा होतो. चार म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी या शाया. त्या पांढऱ्या कागदावरील प्रकाश गिळतात. तिनांचे चार आपण केले नाहींत तर यंत्र करतें. त्याचें साधें गणित असें: एकांतून तांबड्याचा अंश वजा केला कीं सायन, हिरव्याचा केला कीं मॅजेंटा, निळ्याचा केला कीं पिवळा, आणि तिघांत जें समाईक त्यावरून काळी. गणित निर्दोष आहे, पण शाई गणितासारखी शुद्ध नसते. निखळ निळ्याच्या वांट्यास या हिशेबानें सायन व मॅजेंटा शंभर शंभर टक्के येतात, आणि कागदावर जांभळा उमटतो. कोणा मुलीनें जीव ओतून रंगविलेलें निळें आकाश वार्षिकांत जांभळें दिसतें, आणि पाहणारे तिच्या रंगज्ञानास नांवें ठेवतात!

कोणी म्हणेल, हें छापखान्यानें पाहावें. पण छापखान्यानें मूळ चित्र पाहिलेलेंच नसतें. शिळाछपाईच्या काळीं, १८९४ सालीं मुंबईंत निघालेल्या राजा रविवर्म्याच्या छापखान्यांतही, दर रंगास निराळी शिळा लागे, व कोठें कोणता रंग किती हें कारागिराची नजर ठरवी. आतां तें क्षणांत ठरतें, म्हणून कोणी ठरवावेंच लागत नाहीं असा भ्रम झाला आहे. शिवाय कांहीं झगझगीत निळे व हिरवे रंग या चार शायांच्या आवांक्याबाहेरचेच. तेथें कोणता जवळचा रंग पत्करावा, हें सांगण्याचा अधिकार चित्र काढणाराचा आहे.

म्हणून माझी सूचना अशी: वार्षिकाची चित्रें धाडण्यापूर्वीं छापखान्याची शाई व कागद कोणता तें विचारून चार रंग शाळेंतच पाडावे. मग एक प्रूफ मागवून तें मूळ चित्राशेजारीं दिवसाच्या उजेडांत ठेवावें, आणि त्या वेळीं तो विद्यार्थी हजर असावा. यास एखादा दिवस अधिक लागेल. तो संपादकांनीं आधींच धरून चालावें.