यंत्र बिघडले की दोष शेतकऱ्याचा?



पऱ्हाटीत तण गुडघ्याला लागले आहे, निंदणाला मजूर मिळत नाही, आणि अनुदानावर घेतलेला ग्रास कटर गोठ्यात खिळ्याला टांगलेला आहे. दुकानदाराला विचारा. तो म्हणतो, तुम्हाला मशीन वापरता येत नाही. साहेब मान डोलावतो. त्याच्या कागदावर यंत्राचे वाटप झाले, काम संपले.

मी कृषी पदवीधर आहे. तणांची लॅटिन नावे पाठ केली, पण कार्बोरेटर कोणी उघडून दाखवला नाही. आपल्याला अडाणी म्हणणाऱ्यांचे शिक्षणही एवढेच!

यात गूढ काही नाही. इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. याच क्रमाने पाहा.

पेट्रोल : मागच्या हंगामाचे असेल तर ओतून टाका. टू-स्ट्रोक इंजिनात टू-टी ऑइल मिसळावेच लागते. ५० ला १ लिहिले असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. नुसत्या पेट्रोलवर चालवले की पिस्टन घासून इंजिन जाम होते. फोर-स्ट्रोकचे ऑइल मात्र वेगळे भरायचे, पेट्रोलमध्ये नाही.

प्लग : काढून पाहा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले. पुसून वाळवा, चोक उघडा, पुन्हा दोरी ओढा. कोरडा असेल तर टाकीतला फिल्टर आणि नळी तपासा. काळा असेल तर घासा.

हवा : चालू होऊन रेस देताच बंद पडते? एअर फिल्टर उघडा. धूळ आणि गवताचा भुसा बसलेला असतो. तो साफ असेल तर कार्बोरेटर पाहा. जोर कमी पडतो? सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली असेल.

आता सांगा, यातले खरेदीच्या दिवशी कोणी सांगितले?

दुसरे असे, की २०२५ साली पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलला आपला विरोध नाही. उसाला, मक्याला त्याने गिऱ्हाईक मिळते. पण इथेनॉल ओलावा ओढते, आणि त्यासाठी न बनवलेल्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचा पडदा त्याने खराब होतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची होती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती अवजारेही होती. कागदावर समिती आली. तालुक्याच्या दुकानात साधा पडदा मिळत नाही. वीस मिनिटांच्या कामासाठी यंत्र जिल्ह्याला न्यायचे, आठ दिवस थांबायचे, तोवर तण बोंड लागण्याआधीच पीक खाते.

आपल्या मागण्या सरळ आहेत. मराठी माहितीपत्रक मिळाल्याशिवाय आणि शेतावर यंत्र चालवून दाखवल्याशिवाय दुकानदाराला अनुदानाचा पैसा देऊ नये. सुटे भाग तालुक्यात मिळाले पाहिजेत. गावातल्या पोरांना दुरुस्तीचे शिक्षण द्या.

आपल्याला भीक नको, यंत्र चालते ठेवण्याची सोय हवी. जिल्हा बैठकीला येताना बंद पडलेले यंत्र सोबत आणा. सुरू होतील ती घरी नेऊ. उरलेली त्याच दिवशी साहेबांच्या दारात नेऊन ठेवू.